एक ओंजळ जास्त

सदाशिवपंतांचे प्रल्हादपंत, प्रल्हादपंतांचे विश्रामराव आणि विश्रामरावांचा राघव. बायकांच्या ओळीत भागीरथीबाई, त्यांची सून इंदिराबाई आणि इंदिराबाईंची सून सुचित्रा, म्हणजे त्या स्वतः. वैशंपायनांच्या घराची ही उतरंड सुचित्राबाईंना इतकी पाठ होती की पितृपक्ष जवळ आला की ती आपोआप ओठांवर यायची आणि भाजी चिरताना सुरीच्या ठेक्यात बसून जायची. जन्मभर डॉक्टरकी करून एकाहत्तराव्या वर्षीही त्यांचं अक्षर प्रिस्क्रिप्शनवरच्या अक्षरासारखं नव्हतं. सरळ, टपोरं, प्रत्येक वेलांटी जागच्या जागी. त्या अक्षरातली दिवंगतांची यादी सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या घरात फ्रिजवर चुंबकाखाली लावलेली होती, कारण शनिवारी पेंडल हिलचे गुरुजी यायचे होते आणि त्यांना ती आदल्या दिवशी व्हॉट्सॅपवर लागे. यंदा शाळेची सुट्टी आणि पितृपक्ष एकदम आले होते. सकाळचे सात वाजले होते, बाहेर गाडीत सामान भरलं जात होतं, आणि दहा वर्षांच्या उर्वीने टोस्ट खाता खाता, मान वर न करता विचारलं, "आजी, हू इज दिस लेडी?"

उर्वीपुढे टेबलभर एक कागद पसरलेला होता. अर्धा उघडलेला जपानी पंखा असावा तसा. मधोमध तिचं नाव, त्यावर आईबाप, त्यावर आजीआजोबा, असं प्रत्येक पात्याचं घर वर वर रुंदावत गेलेलं. हा कागद तिला तिच्या दुसऱ्या आजीने, ग्वेननॅनने, गेल्या हिवाळ्यात जाण्याआधी दिला होता. ग्वेनचं घराणं मॉर्मन. त्या पंथात आपल्या मृतांची नावं शोधून लिहून ठेवणं हे मोठं काम समजतात, आणि ग्वेनने आपल्या बाजूची घरं वेल्समधल्या कुणा खाणकामगाराच्या आजीपर्यंत गोल, समाधानी अक्षरात भरून ठेवली होती. दुसरी बाजू पांढरीफटक. ती आता उर्वी यादीवरून भरत होती आणि प्रत्येक घरात अंगठ्याएवढा फोटो चिकटवत होती. "ही लेडी इलेव्हन फोटोजमध्ये आहे," ती म्हणाली. "मी मोजले. ऑल विथ बेबी बाबा. पण तुझ्या लिस्टमध्ये ती नाहीये." सुचित्राबाईंनी चष्मा न लावताच ओळखलं. गच्चीचा कठडा, वाळत घातलेली चादर, बारीक अंगाची एक बाई आणि तिच्या कडेवर, तिच्या खांद्यात नाक खुपसून, राघव. "ती बाबाची आत्या," त्या म्हणाल्या, आणि थर्मासचं झाकण इतक्या जोरात आवळलं की पुढे दुपारपर्यंत ते कुणालाच उघडेना.

गाडीत पुढची जागा त्यांची. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. त्या आल्यापासूनच्या चार वर्षांत त्यांनी ते दुसऱ्या कुणाला ठरवू दिलं नव्हतं. राघव चालवत होता, मागे मुलांच्या मधे सूनबाई ब्रॉनविन. दर वसंतातल्या सुट्टीत ग्वेन मुलांना ही सहल घडवायची: आधी सिडनीचा धक्का, मग उत्तरेला न्यूकॅसलकडच्या खाणीच्या गावातलं जुनं लाकडी प्रार्थनाघर, आणि शेवटी दफनभूमी. ग्वेनशिवायचं हे पहिलं वर्ष. ब्रॉनविनने युनिव्हर्सिटीत असतानाच चर्च सोडलं होतं, ती आता राजरोस चहा पीत असे, पण आईची सहल सोडणं तिला जमलं नव्हतं. सुचित्राबाई यापूर्वी कधी आल्या नव्हत्या. ज्या पंथात चहा वर्ज्य, त्या पंथात मुलाची सोयरीक झाली हेच त्यांना पहिली दोन वर्षं पचलं नव्हतं. विहीणबाईंकडे जाताना त्या आपला थर्मास पिशवीत नेत आणि ग्वेन हसून त्यांच्यापुढे रिकामा कप आणून ठेवी. एकदा ग्वेनने वैशंपायनांच्या मृतांची नावं मागितली तेव्हा मात्र सुचित्राबाई ताठ झाल्या होत्या. हे लोक मेलेल्यांनाही बाप्तिस्मा देतात असं त्यांनी कुठेसं वाचलं होतं. "आमच्या माणसांना तुमच्या पाण्यात बुडवायचं नाही," त्या स्पष्ट इंग्रजीत म्हणाल्या होत्या. ग्वेन रागावली नव्हती. "नो, नो, सुचित्रा. नुसती हाक मारायला हवीत नावं. ज्याला कुणी हाक मारत नाही, तो दाराबाहेर उभाच राहतो, असं मला वाटतं." त्या वेळी सुचित्राबाईंना ते भाबडं वाटलं होतं. आज पॅरामाटाच्या पुढे गर्दीत गाडी मुंगीसारखी सरकत असताना त्यांना ते वाक्य आठवलं आणि का कोण जाणे, पाठीमागच्या सीटवर चारजण बसले आहेत असं वाटून त्यांनी आरशात पाहिलं. तिघंच होते.

धक्क्यावर वारा होता. ब्रॉनविन मुलांना सांगत होती, आईने सांगितलेलंच, बहुधा आईच्याच शब्दांत: एकोणिसाव्या शतकात इथे मोजके प्रचारक आले, त्यांचं ऐकून धोबिणी, शिंपी, खाणकामगार मॉर्मन झाले, आणि घरंदारं विकून याच बाजूच्या धक्क्यांवरून जहाजात बसून अमेरिकेला निघाले, आपल्या माणसांत राहायला मिळावं म्हणून. "पण ग्रॅनी मार्गारेट गेली नाही," सहा वर्षांच्या सोहमने गोष्ट पुढे ढकलली. नॅनच्या घराण्यातल्या त्या जुन्या आजीची गोष्ट त्याला पाठ होती. "बिकॉज बेबी वॉज कमिंग." "हो, आणि मग ती आणि तिचा नवरा चालत खाणीकडे गेले," ब्रॉनविन म्हणाली आणि एकदम थांबली. पुढचं वाक्य आईचं असावं. राघवने तिच्या पाठीवर हात ठेवला. सुचित्राबाई पाण्याकडे बघत राहिल्या. निघून जाणाऱ्यांच्या गोष्टी होतात, राहणाऱ्यांच्याही होतात. ज्याला दुसऱ्याने जायला सांगितलं त्याचं काय, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी शालीचं टोक घट्ट धरलं.

वन्सं घर सोडून गेल्या तो दिवस पावसाचा नव्हता, उन्हाचा नव्हता. तो नुसता बुधवार होता. राघव सात महिन्यांचा असताना सुचित्राबाईंना मुंबईला एम.डी.ची जागा मिळाली. पुण्याच्या ब्लॉकमध्ये तेव्हा मोठी माणसं तिघंच: विश्रामराव, त्या, आणि विश्रामरावांची थोरली, अविवाहित बहीण श्यामला, म्हणजे सुचित्राबाईंच्या वन्सं, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणारी. सुचित्राबाई रडल्या नव्हत्या, जागा सोडून देते असंही म्हणाल्या नव्हत्या. वन्संनीच रात्रीची भांडी लावता लावता म्हटलं होतं, "तू जा. मी रजा टाकते." रजा बिनपगारी होती आणि ती अडीच वर्षं चालली. त्या अडीच वर्षांत सुचित्राबाईंनी किती बायकांची बाळंतपणं केली याची नोंद हॉस्पिटलच्या रजिस्टरात असेल. त्यांचं स्वतःचं मूल पहिल्यांदा केव्हा चाललं, ते मात्र त्यांना पोस्टकार्डावरून कळलं. कार्डावर वन्संनी दोन इवल्या पावलांचं चित्र काढलं होतं. महिन्यातून एखाद्या रविवारी त्या यायच्या, तेव्हा मूल झोपलेलं असायचं किंवा रडत असायचं. मग परीक्षा झाली, सुवर्णपदक मिळालं, आणि त्या पेढ्यांचा पुडा, चावीचा पत्र्याचा हत्ती घेऊन कायमच्या घरी आल्या. तीन वर्षांचा राघव वन्संच्या निऱ्यांमागे उभा होता. त्याने हत्तीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि वर मान करून वन्संना विचारलं, "आई, ह्या बाई कोण?"

"आजीला विचारा, आजीला सगळं माहीतंय," राघव गाडी चालवताना म्हणत होता. गाडी हॉक्सबरीच्या पुलावर होती, खाली नदी रुंद, शेवाळी, आणि मुलं पाण्याच्या रंगावरून भांडत होती. सोहमच्या मते तो ग्रीन होता, उर्वीच्या मते टील, निळसर हिरवा. "मला रंग तिनेच शिकवले. गच्चीवर. चादरी वाळत घातलेल्या असायच्या, त्यांच्यामधून पळत जायचं आणि ओरडायचं, हा निळा, हा पिवळा. माझी पहिली मेमरी आहे ती. हो ना गं, आई?" सुचित्राबाईंनी गच्चीवर कधी चादर वाळत घातली नव्हती. आजवर राघवने ही आठवण दहा वेळा सांगितली असेल. लग्नात सांगितली होती, ग्वेनला सांगितली होती, आणि दरवेळी त्या किंचित हसल्या होत्या, त्या हसण्यालाच लोक होकार समजत आले. आजही ओठ सवयीने हलले. पण मागे उर्वी गप्प झाली. तिच्या मांडीवर तो पंखा उलगडलेला होता आणि त्यात एका फोटोत गच्ची होती, चादर होती. मुलीचं बोट त्या फोटोवर आहे हे सुचित्राबाईंना मागे न वळताही दिसलं. इतकी वर्षं बायकांच्या पोटावर हात ठेवून आतलं मूल कुठे वळलंय ते सांगणाऱ्या त्या. पाठीमागची ही शांतता कुठे वळते आहे ते त्यांना कळत होतं.

एका 'नाही'ने काय उघडं पडणार होतं? हेच की राघवच्या आयुष्यातली पहिली आठवण त्यांची नव्हती. ती काढून घेतली तर उरणारी आई कशी दिसेल, याची त्यांना भीती होती. आणि भीतीला भीती म्हणायची त्यांना सवय नव्हती. म्हणून तर त्या बुधवारच्या आठ दिवस आधी त्या वन्संना शांतपणे म्हणाल्या होत्या, "वन्सं, तुम्ही इथे आहात तोवर तो मला आई म्हणणार नाही." वन्संनी मुलाच्या झबल्याची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली. "खरंय," त्या म्हणाल्या. मग आठ दिवस सुचित्राबाई स्वयंपाकघरातून ऐकत राहिल्या. गच्चीत वन्सं मुलाला घेऊन बसत, रंग शिकवावेत तशा शिकवत: "हा निळा. हा पिवळा. ही आई. मी आत्या." मूल चुकायचं. मूल हट्टाने चुकायचं, त्यांच्या तोंडावर हात ठेवायचं. वन्सं हात बाजूला करून, आवाज न चढवता, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. आठव्या दिवशी राघव स्वयंपाकघराच्या दारात आला आणि सुचित्राबाईंना "आई, पाणी" म्हणाला. त्याच दुपारी वन्सं रंगांची पेटी आणि एक बॅग घेऊन कोल्हापूरच्या नव्या शाळेकडे गेल्या. पुढे वाढदिवसाला स्वेटर येत राहिले, मापाला नेहमी थोडे मोठे.

प्रार्थनाघर अगदीच लहान निघालं. फळ्यांचं, पत्र्याच्या छपराचं. आता तिथे योगाचे वर्ग भरत, आणि दारावर पद्मासनातल्या बाईचं चित्र होतं. "बघा, तुमच्या लोकांनी घेतलं," ब्रॉनविन सुचित्राबाईंना म्हणाली आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली. "पाठ वाकडी आहे तिची," सुचित्राबाई चित्राकडे बघून म्हणाल्या. मागच्या भिंतीच्या एका फळीवर ब्रॉनविनच्या पणजोबांनी ठोकलेले खिळे होते. ग्वेन ते मुलांना मोजायला लावायची. सोहमने मोजले, एकोणीस. मग म्हणाला, "नॅन ट्वेंटी म्हणायची." "विसावा पडून गेलाय," राघव म्हणाला, "पण नॅन त्याची जागा धरायची." सुचित्राबाईंनी वाकून पाहिलं. भोक होतं. एवढंसं, काळं, स्वच्छ.

यादीतून नाव गळलं ते काही एका दिवसात नव्हे. वन्सं एकोणीस वर्षांपूर्वी कोल्हापुरात झोपेत गेल्या. त्यानंतरच्या पहिल्या पितृपक्षात सुचित्राबाई यादी लिहायला बसल्या, नाव आलं, पुढे नातं लिहायचं आलं. यजमान विश्रामराव, तेव्हा भगिनी, सरळ होतं. पण लेखणी तिथे अडली. भगिनी लिहिलं की झालं, संपलं, वन्सं कायमच्या आत्या. आणि ते खोटं असल्याचं जगात एका सुचित्राबाईंना, आणि बहुधा विश्रामरावांना, माहीत होतं. उद्या लिहू म्हणून त्यांनी जागा सोडली. दुसऱ्या दिवशी गुरुजी आले, यादी तशीच गेली. पुढल्या वर्षी त्यांनी मागल्या यादीवरून नक्कल केली, त्यात जागाही उरली नाही. विश्रामराव एका शब्दाने बोलले नाहीत. मात्र त्या दारात उभ्या राहून बघत: सगळी नावं झाली, गुरुजी पुढच्या मंत्राकडे वळले, की विश्रामराव तळहातात आणखी थोडं पाणी घेत आणि अंगठ्याच्या मुळावरून, काही न उच्चारता, सोडून देत. एक ओंजळ जास्त. पंधरा वर्षं. ते गेले आणि तर्पण राघवकडे आलं, तेव्हापासून सुचित्राबाई दारात उभ्या राहिल्या नव्हत्या. स्वयंपाकघरात वडे तळत राहिल्या.

दफनभूमी उतारावर होती, खाली दूरवर सरोवराची पट्टी. दुपारची उन्हं सौम्य होती, आणि एक काळापांढरा मॅगपाय पक्षी कुंपणावरून कुंपणावर या मंडळींचा पाठलाग करत होता. ग्वेनचा नियम होता: प्रत्येक दगडावरचं नाव मोठ्याने वाचायचं, आणि शेवटी गवतावर गोल बसून प्रत्येकाने आपल्या एका गेलेल्या माणसाविषयी असं काहीतरी सांगायचं जे बाकीच्यांना ठाऊक नाही. सुचित्राबाईंसाठी घडीची खुर्ची उघडली गेली. "नॅन," सोहमने सुरुवात केली. "तिने मला एकदा फ्रूटकेकच्या आधी आइसिंग खाऊ दिलं. फुल बाउल." "आय न्यू इट," ब्रॉनविन म्हणाली. उर्वी म्हणाली, "आजोबा पत्त्यांत चीट करायचे. स्लीव्हमध्ये राणी ठेवायचे. फक्त मला दाखवलं होतं." राघव हसला, मग गवताची काडी तोडत बसला. "माझंही बाबांचंच. ते इथे आले होते ना, तेव्हा आपल्या पॅटिओवर तर्पण केलं होतं. सगळी नावं संपली तरी त्यांनी एक ओंजळ जास्त सोडली. मी विचारलं, ही कुणाची? तर म्हणाले, 'राहू दे, माझी एक सवय आहे.' म्हणून मीपण सोडतो. दर वर्षी. कुणासाठी ते माहीत नाही." तो आईकडे वळला. "तुला माहीतंय?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. उर्वीने पंखा छातीशी धरला होता. सुचित्राबाईंनी उगाच थर्मास उचलला, झाकण फिरवून पाहिलं, ते हललं नाही. आयुष्यभर त्यांनी लोकांना वाईट बातम्या दिल्या होत्या. त्यासाठी एक आवाज त्यांनी कमावलेला होता, पाठ सरळ, वाक्यं छोटी. तो आवाज त्यांनी शोधला आणि तो सापडला नाही. "त्या फोटोतली बाई," त्या उर्वीला म्हणाल्या, "तू विचारलंस ना सकाळी." आणि मग राघवला, "रंग मी नाही शिकवले तुला." एवढं बोलल्यावर बाकीचं आपोआप आलं, फार वेळ लागला नाही. अडीच वर्षं आली, पत्र्याचा हत्ती आला, आठ दिवस आले. 'ह्या बाई कोण' सांगताना त्या थांबल्या, आणि सोहमने सगळं न समजूनही आपला हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

राघव उठला. कुंपणापर्यंत गेला, त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. ब्रॉनविन उठू लागली, तर सुचित्राबाईंनी हाताने तिला खाली बसवलं. मग राघव परत आला आणि आईच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला, सहा फुटांचा, कानाशी पांढरा झालेला त्यांचा मुलगा.

"मी विसरलो हे तिला माहीत होतं?"

"तिनेच विसरायला शिकवलं तुला. माझ्यासाठी."

"आणि तू?"

"मी विसरू दिलं."

सुचित्राबाई वाट बघत होत्या. काय तुटतं ते ऐकण्यासाठी त्यांनी कान देऊन ठेवला होता. राघवने थर्मास त्यांच्या हातातून घेतला, गुडघ्यांत धरला, सदऱ्याचं टोक गुंडाळून झाकण पिळलं आणि ते सुटलं. त्याने कपात चहा ओतून त्यांच्या हातात दिला. "निव्वळ गार पाणी झालंय, आई," तो म्हणाला. त्या 'आई'सकट त्यांनी तो घोटाघोटाने संपवला.

"आजी, हिला कुठे लिहू?" उर्वीने विचारलं. "आत्याला बॉक्स नाहीये. नॅन एक्स्ट्रा लोकांना साइडला लिहायची. मार्जिनमध्ये."

"समासात नाही," सुचित्राबाई म्हणाल्या. आवाज परत आला होता. "माझ्या घरात लिही. माझ्या नावाच्या वर."

शनिवारी सकाळी मागच्या अंगणात पॅटिओवर पाट मांडला गेला, दर्भ, काळे तीळ, तांब्या. पेंडल हिलचे गुरुजी तरुण होते, आठवडाभर सॉफ्टवेअरचं काम करत, आणि यादी फोनवर वाचत. सुचित्राबाईंनी सकाळी सहालाच वडे तळून झाकून ठेवले होते, आणि त्या दारात उभ्या होत्या. पिता, पितामह, प्रपितामह झाले. गुरुजींचं बोट पडद्यावर थबकलं.

"काकू, इथे श्यामला असं नाव आहे, आणि नातं माता लिहिलंय. टायपो आहे का? आत्या असतील ना? म्हणजे आपण तर हयात..."

राघवने मान वळवून पाहिलं. जन्मभर एकेका विधीसाठी गुरुजींना धारेवर धरणाऱ्या सुचित्राबाईंना आपण हे काय करतो आहोत ते पुरतं ठाऊक होतं. गोत्रात मात्र फरक नव्हता. वन्संनी लग्न केलं नाही, त्यामुळे त्यांचं गोत्र या घराबाहेर कधी गेलंच नव्हतं.

"टायपो नाही," त्या म्हणाल्या. "मी लिहिलंय तसं वाचा."

गुरुजींनी वाचलं. माता, मग नाव. राघवने ते दोन्ही शब्द मोठ्याने, स्पष्ट, चित्रकलेच्या तासाला उभं राहून सांगावेत तसे म्हटले, आणि तिळाचं पाणी त्याच्या अंगठ्यावरून ताम्हनात पडलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग उरलेली नावं झाली. गुरुजी पुढच्या मंत्राकडे वळले. राघवचा हात सवयीने तांब्याकडे गेला, तिथे क्षणभर टेकला, आणि रिकामाच मांडीवर परत आला.